उच्च रक्तदाब : अ‍ॅप घराला ओळखणारे हवे

उच्च रक्तदाब हा गाजावाजा न करता शरीरात ठाण मांडणारा विकार होय. बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही. त्यामुळे आपण बरे झालो असे समजून रुग्ण गोळी सोडतो आणि पुढे पक्षाघात वा हृदयविकार ओढवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असल्याचे आढळले.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत सुरू झाला. आपल्या राज्यातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्यात होते. या उपक्रमात ‘सिंपल’ या अ‍ॅपमुळे कर्मचाऱ्यांना रुग्णांची नोंद ठेवणे व तारखेला न आलेल्यांचा पाठपुरावा करणे सुकर झाले. परंतु महिन्यातील एक दिवस रुग्ण दवाखान्यात असतो. उरलेले एकोणतीस दिवस तो आपल्या घरी असतो. त्या दिवसांसाठी रुग्णाच्या हाती द्यावयाचे अ‍ॅप केवळ इंग्रजीचे भाषांतर असून चालणार नाही.

प्रश्न घरच्या भाषेत

‘आपण धूम्रपान करता काय?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री ‘नाही’ असेच उत्तर देईल आणि ते खरेही असेल. मिश्री, तंबाखू, गुटखा यांची नावे घेऊनच विचारावयास हवे. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. पण मीठ केवळ भाजीत नसते. ते पापड, लोणचे, ठेचा व खारवलेली सुकी मासळी यांतही असते. ही चित्रे पडद्यावर दिसली तरच सल्ला ताटापर्यंत पोहोचेल.

उपवास आणि गोळी

एकादशी वा श्रावणी सोमवारी अनेकजण गोळी टाळतात. ‘उपवास असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये’ ही आठवण आदल्या दिवशीच मिळावी. उपवासाचे सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. ते हवे तितके चालते हा समज दूर करावा.

मोजण्याची रीत

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आपल्याकडे मांडी घालून बसण्याची सवय असल्याने हे चित्रानेच दाखवावे. आकडा १८०/१२० वा त्याहून अधिक आल्यास काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. तो तसाच राहिल्यास त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधावा. छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे अशी लक्षणे सोबत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, अशी स्पष्ट सूचना हवी.

गावाचा वाटा

अनेक घरांत मोबाईल एकच आणि तो मुलाच्या खिशात असतो. वाचता न येणाऱ्यांसाठी बोलका संदेश, इंटरनेटशिवाय चालणारी नोंद आणि रुग्णाच्या संमतीनेच कुटुंबियांना माहिती, या सोयी म्हणूनच आवश्यक ठरतात. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर गावात नेण्याऐवजी त्याचा कच्चा आराखडाच आधी गावात न्यावा. आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी चार रुग्णांसमवेत बसून तो तपासावा. जेथे वृद्ध माता अडखळेल, तेथे दोष तिचा नसून अ‍ॅपचा आहे, असे मानून दुरुस्ती व्हावी. तरच रोजची गोळी रोज घेतली जाईल आणि या साधनाचे खरे चीज होईल.