मराठी विकिपीडियावरील पहिले पाऊल

दिल्लीतील करोल बाग सोन्याचांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जुने दागिने मुशीत वितळवून त्यांतून शुद्ध सोने वेगळे काढणाऱ्या गलाई कारागिरांत येथे मराठी माणसेही आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून हा व्यवसाय करणारी कुटुंबे देशभर पसरली. अशा कुटुंबातील एखाद्या तरुणाला आपल्या व्यवसायाविषयी मराठी विकिपीडियावर लिहावेसे वाटले, तर त्याने प्रारंभ कोठून करावा?

विकिपीडिया हा वाचकांनीच लिहिलेला, आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोश आहे. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी झाला. मराठीला ज्ञानकोश नवा नव्हता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला ‘मराठी विश्वकोश’ ही त्याची मोठी उदाहरणे होत. तेथे संपादक विषय ठरवीत आणि लेखन सोपवीत. विकिपीडियावर कोणी कोणास नेमीत नाही. ही मोकळीक नवागताला प्रथम गोंधळात टाकते.

त्याने आधी ‘धूळपाटी’ गाठावी. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, चुकली की पुसून टाकीत. सरावाच्या पानाला हे नाव कोणी सुचविले असेल ते असो, इतका समर्पक शब्द क्वचितच सापडतो. येथे लिहून पाहावे, दुवे जोडून पाहावेत. निळा दुवा असलेल्या पानावर जातो. लाल दुव्याचे पान अजून कोणी लिहिलेलेच नसते. शंका विचारण्यासाठी ‘चावडी’ आहे. गावच्या चावडीप्रमाणेच तेथे अनुभवी सदस्य उत्तरे देतात.

खरी कसोटी पुढे असते. आपला तरुण उत्साहाने लिहितो आणि थोड्या वेळाने त्याचे लेखन काढून टाकलेले दिसते. पुष्कळ नवे सदस्य येथेच रागावून निघून जातात. वस्तुतः लेखन नष्ट झालेले नसते. पानाच्या ‘इतिहास’ या भागात सामान्यतः प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव व वेळ यांची नोंद असते. अनेकदा कारणही दिलेले असते. ते वाचून ‘चर्चा’ पानावर विनम्रपणे प्रश्न विचारावा. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरविला असेल, तर प्रताधिकाराचा भंग होतो. स्वतःच्या अनुभवातून लिहिले असेल, तर संदर्भ मागितला जातो.

हा दुसरा नियम कारागिराला जाचक वाटणे स्वाभाविक आहे. तेजाबात चांदी व तांबे विरघळते आणि सोने तळाशी उरते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पण दूरच्या वाचकाने त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? विकिपीडिया म्हणूनच प्रकाशित आधार मागतो. नियम योग्य आहे. मात्र ज्यांच्याविषयी फारसे छापले गेले नाही, त्यांच्यावर त्याचा भार अधिक पडतो, हेही मान्य केले पाहिजे.

यातून वाटा निघतात. वृत्तपत्रांतील लेख, जिल्ह्याचे गॅझेटियर, ग्रंथालयातील पुस्तके शोधून त्यांचा आधार देता येतो. आणि छायाचित्राला तर ग्रंथाचा आधार लागत नाही. भट्टी, मूस, चिमटा यांची स्वतः काढलेली छायाचित्रे तो ‘विकिमीडिया कॉमन्स’ या मुक्त संग्रहात आपल्या नावाने देऊ शकतो. ती कोणालाही वापरता येतील, हे मात्र त्याला मान्य असावे लागते. दुकानमालकाची परवानगी आधी घ्यावी; चेहरे दिसत असतील तर त्या माणसांचीही.

पाठगत प्रश्न
१. नवागताचे लेखन कोणत्या कारणांनी काढले जाऊ शकते?
२. तुमच्या व्यवसायाविषयी छापील माहिती कोठे मिळेल? दोन ठिकाणे लिहा.