भाडं दुप्पट, की अकरा महिन्यांचा करार?

प्रश्न : मालेगावात आम्ही वीस वर्षांपासून दोन खोल्यांत भाड्याने राहतो. लेखी करार नाही, पावत्या आहेत. भाडं 2,500 रुपये. आता घरमालक म्हणतात, 5,000 द्या आणि अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर सही करा, नाहीतर खोल्या सोडा. काय करावं?

उत्तर : सही करू नका. वाढीव भाड्यापेक्षा ती सही तुम्हाला महाग पडेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 11 प्रमाणे मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते. तुमच्या भाड्यावर ती शंभर रुपये होते. सुधारणा केली किंवा घरपट्टी वाढली तर त्यापोटी थोडी वेगळी वाढ मिळते, पण मनाला येईल तशी दुप्पट नाही. भाडं आणि ही वाढ तुम्ही देत आहात तोवर थकबाकीचं कारण दाखवून तुम्हाला काढता येत नाही. स्वतःची खरी गरज वगैरे कारणं मालकाला कोर्टात सिद्ध करावी लागतात. मात्र हे कवच भाडेकरूला आहे, लायसन्सवर राहणाऱ्याला नाही. त्याची मुदत संपली की कलम 24 खाली जागा सोडावीच लागते. सही केलीत तर जुना भाडेकरूचा हक्क तुम्हीच सोडून दिला, असं म्हणायला मालकाला जागा मिळते. लेखी करार नसल्याची भीती बाळगू नका. तो करून नोंदवण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावरच टाकली आहे.

महागाई वाढते, मग मालकानेच तोटा का सोसावा, हा आक्षेप खरा आहे. 1947 च्या कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, त्यांत चाळींची दुरुस्तीही परवडेना, आणि डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्पे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक अवाजवी ठरवली. पण त्यानंतर आलेल्या कायद्यातली 4 टक्के वाढ हे त्याच तक्रारीचं उत्तर आहे. टक्का अपुरा वाटत असेल तर विधिमंडळाने तो वाढवावा. एका झटक्यात दुप्पट मागणं ही महागाईची भरपाई नसून माणसाला हुसकावणं आहे. मालेगावात यंत्रमाग रात्रपाळीतही चालतात, मजुरी विणलेल्या कापडावर मिळते; अशा गावात घर कारखान्यापासून लांब गेलं की कमाईच घटते. म्हणून तोच रहिवासी राहणार असेल तर लायसन्सच्या नूतनीकरणालाही वाढीची मर्यादा हवी, असं माझं ठाम मत आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात अशी मर्यादाच नाही. महाराष्ट्राने आपली सोडू नये.

या महिन्यापासून 2,600 रुपये बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवा आणि पोचपावती जपा. पाणी किंवा वीज तोडली तर कलम 29 खाली दाद मागता येते. थकबाकीची नोटीस आलीच, तर ती भरण्याची 90 दिवसांची मुदत हातची जाऊ देऊ नका. त्याच आठवड्यात वकिलाला गाठा.