ऑनलाइन मत मांडण्याचं स्वातंत्र्य : मुलांना काय सांगायचं?



"मोबाइल : शाप की वरदान" हा निबंध आपण दरवर्षी तपासतो. मुलं ठरलेले मुद्दे लिहितात. डोळे बिघडतात, वेळ जातो, अभ्यास मागे पडतो. वरदान म्हणून बँकेची कामं आणि ऑनलाइन तास. पण सिंदेवाही किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावातली मुलगी आपलं मत चार ओळींत लिहू शकते आणि ते राज्यात कुठेही वाचलं जाऊ शकतं, हा मुद्दा वरदानाच्या यादीत फारसा येत नाही. मुलांना ते इतकं सहज मिळालंय की त्याची किंमत कळायला मागचा इतिहास सांगावा लागतो. तो कसा सांगता येईल, यासाठी हा पाठ. आठवी ते बारावीच्या वर्गात तो दोन तासिकांत घेता येईल.

आधी कोणाला बोलता येत होतं?

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. मराठीत मतं छापायला तिथून सुरुवात झाली. पण छापायचं म्हणजे छापखाना हवा, कागद हवा, पैसा हवा. म्हणजे मत सगळ्यांकडे, पण ते दूरवर पोचवायची सोय मोजक्यांकडेच.

बरं, ज्यांच्याकडे सोय होती त्यांनाही मोकळीक नव्हती. 'केसरी'तल्या लेखांबद्दल १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं गेलं. 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांना तर सरकारपेक्षा समाजाचाच त्रास जास्त झाला. ते जिवंत असताना पुण्यात लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. ही दोन उदाहरणं मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवा. तोंड बंद करणारं प्रत्येक वेळी सरकारच असतं असं नाही, कधी आपल्या आजूबाजूची माणसंही असतात.

तिसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. स्वतःचं पत्र काढल्याशिवाय बोलायला जागाच नव्हती. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या मुलांना 'मूकनायक' या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच चिमूर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजनं म्हणत आणि त्यातून लोक जागे होत. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला क्रांती झाली आणि महाराजांना अटक करून तुरुंगात टाकलं गेलं. भजन म्हणणाऱ्या माणसाची सरकारला भीती का वाटली असेल, असा प्रश्न वर्गाला विचारून बघा. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

संविधानात काय आहे?

अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. लगेच पुढे अनुच्छेद १९(२) येतो. देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी, या आठ कारणांसाठी कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. "कोणाला तरी राग आला" हे कारण त्या यादीत नाही. मुलांकडून यादी वाचून घ्या आणि ते कारण शोधायला सांगा.

हा हक्क इंटरनेटवर लागू होतो का? होतो. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून मत मांडण्यालाही याच अनुच्छेदाचं संरक्षण असल्याचं स्पष्ट केलं.

मुलं पटकन विचारतात, "आमी तं लहान आहो सर, आमाले हक्क कायचा?" त्यांना बालहक्क संहितेबद्दल सांगा. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली ती स्वीकारली आणि भारताने १९९२ साली तिला मान्यता दिली. तिच्या १२ व्या कलमात मुलांचं मत ऐकलं जाण्याचा आणि १३ व्या कलमात ते व्यक्त करण्याचा हक्क आहे.

पालघरची गोष्ट

या पाठाचा गाभा म्हणजे ही घटना. ती सावकाश सांगा.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जातात, तरी जग चालू राहतं, आणि हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते मत 'लाइक' केलं. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली.

लक्षात घ्या, तिने कोणाला मारा म्हटलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न अवेळी होता, दुःखात असलेल्या लोकांना लागला, असं कोणी म्हणू शकतं. तसं म्हणण्याचाही हक्क आहेच. पण अवेळी बोलणं हा गुन्हा होतो का?

अटक झाली ती मुख्यतः माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ खाली. संगणकावरून किंवा मोबाइलवरून "अत्यंत आक्षेपार्ह" मजकूर पाठवला किंवा कोणाला "त्रास" वा "गैरसोय" व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम होतं. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकाला विनोद वाटणारी गोष्ट दुसऱ्याला आक्षेपार्ह वाटू शकते. मग ठरवायचं कोणी?

त्या दोघींना जामीन मिळाला, पुढे खटला बंद झाला आणि पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. दरम्यान कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिने हे कलमच घटनाबाह्य आहे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ पूर्णपणे रद्द केलं. विशीतल्या एका मुलीने प्रश्न विचारला, विशीतल्याच दुसऱ्या मुलीने न्यायालयाचं दार ठोठावलं आणि देशाचा कायदा बदलला. नागरिकशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला विसरू नका. कलम रद्द झाल्यावरही काही ठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. २०२१ साली न्यायालयाने यावर तीव्र आश्चर्य व्यक्त केलं आणि २०२२ साली असे खटले चालवू नयेत असे आदेश दिले. म्हणजे हक्क कागदावर असून भागत नाही, तो लोकांना माहीत असावा लागतो. म्हणून तर शिकवायचं.

तीन पायऱ्या : चर्चा, पुरस्कार, चिथावणी

याच निकालात न्यायालयाने तीन गोष्टींत फरक केला. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिला चर्चेचा, दुसरा एखाद्या मताचा पुरस्कार करण्याचा, तिसरा चिथावणीचा. पहिल्या दोन गोष्टी कितीही न आवडणाऱ्या असल्या तरी त्या अभिव्यक्तीच्या हक्कातच येतात. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं तरच कायद्याला हात घालता येतो.

उदाहरण आपल्याकडचंच घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठवली गेली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. "बंदीचा फायदा झाला की तोटा?" ही झाली चर्चा. "बंदी पुन्हा लागू करा" किंवा "गडचिरोलीतलीही उठवा" हा पुरस्कार. "अमक्याच्या दुकानाला आग लावा" ही चिथावणी. मुलांना फरक दोन मिनिटांत कळतो. मोठ्यांनाच कधी कधी कळत नाही.

पुढे पाठवलेल्या मेसेजचं काय?

स्वातंत्र्याचं कौतुक करताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा टाळून चालणार नाही. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी तिथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही वाईट करतोय असं वाटलंही नसेल.

इथे मुलांना एक फरक समजावा. मत वेगळं आणि बातमी वेगळी. "वाघांचा बंदोबस्त नीट होत नाही" हे मत आहे, ते मांडायला हरकत नाही. "काल आपल्या गावात वाघाने दोघांना नेलं" ही बातमी आहे आणि ती खरी की खोटी हे तपासल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. ताडोबाच्या आसपासच्या गावांत असा एक जुना व्हिडिओ फिरला तरी लोक शेतावर जायला घाबरतात, मुलं शाळेत येत नाहीत. मत मांडायला धाडस लागतं, बातमी सांगायला खात्री लागते.

मेंढा-लेखाकडून शिकण्यासारखं

ऐकण्याची बाजू शिकवायची तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा देणारं हे गोंड आदिवासींचं गाव. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्यांची निर्णयाची पद्धत बहुमताची नाही, सर्वसहमतीची आहे. एकाचाही विरोध असेल तर त्याचं म्हणणं समजून घेतात, गरज पडली तर निर्णय पुढे ढकलतात. शिवाय गावात अभ्यास गट आहे. तिथे आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत ठरवायचं.

आता मोबाइलवर काय होतं ते आठवा. गावाच्या ग्रुपवर एकाने वेगळं मत लिहिलं की दहा जण तुटून पडतात, नाहीतर ॲडमिन त्याला काढूनच टाकतो. त्या एकाचं ऐकून घेण्याची मेंढ्याची सवय आपल्या पडद्यावर आणता आली, तर स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने वापरलं असं म्हणता येईल.

भाषेची लाज

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. झाडीबोलीत, गोंडीत किंवा माडियात बोलणारं मूल "आपल्याले शुद्ध लिहिता येत नाही" म्हणून गप्प बसतं. झाडीपट्टीच्या नाटकांत हीच बोली मंडप भरून टाळ्या घेते आणि या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शेजारच्या छत्तीसगडात २०१० पासून 'सीजीनेट स्वर' या उपक्रमाने लोकांना साध्या फोनवरून गोंडीत आपलं म्हणणं रेकॉर्ड करायची सोय दिली. लिहिता न येणाऱ्यांचंही म्हणणं त्यामुळे पोचलं. मुलाने आपल्या बोलीत मत मांडलं तर आधी मत ऐका. व्याकरण नंतर बघू.

वर्गात घेण्यासाठी कृती

१. मागच्या भिंतीवर मोठा कागद लावा. विषय द्या : "वाघाच्या भीतीमुळे शाळेची वेळ बदलावी का?" प्रत्येकाने दोन ओळी लिहून खाली नाव लिहायचं. मत आपलं असेल तर नाव लिहायला संकोच का, यावर बोला.

२. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला न पटलेल्या एका मताखाली उत्तर लिहायचं. अट एकच : माणसाबद्दल काही लिहायचं नाही, मुद्द्याबद्दलच लिहायचं.

३. मोबाइलवर आलेले पाच मेसेज आणायला सांगा. प्रत्येक मेसेज मत आहे की बातमी, आणि तो चर्चा, पुरस्कार, चिथावणी यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो, ते गटात ठरवू द्या.

४. ज्या मुलाचं मत सगळ्यांपेक्षा वेगळं पडेल त्याला पाच मिनिटं द्या. कोणी मध्ये बोलायचं नाही.

पालकांसाठी

बहुतेक समाजमाध्यमांवर खातं उघडायला किमान वय १३ आहे, ते पाळा. घराचा पत्ता, शाळेचं नाव, दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हे सांगा. कोणी धमकावलं तर मजकूर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक घरात लिहून ठेवा.

आणि एक मनापासून सांगतो. आपल्या जंगल भागात "गप्प राह्य, भानगडीत पडू नको" हे वाक्य मायेपोटी म्हटलं जातं. इथे एका शब्दावरून माणूस 'खबऱ्या' ठरला आणि जीव गमावला, हे आपण पाहिलंय. ती भीती खोटी नाही. म्हणून मुलाला "काहीही लिही" असं सांगू नका. पण "काहीच लिहू नको" असंही सांगू नका. लिहिण्याआधी तुमच्याशी बोलायची सवय लावा. जेवताना त्याचं मत विचारा आणि ते न पटलं तरी पूर्ण ऐका. घरात ज्याचं ऐकलं जातं, ते मूल बाहेरही नीट बोलतं आणि दुसऱ्याचं ऐकूनही घेतं.

हा पाठ वर्गात घेतल्यावर मुलांनी भिंतीवर काय लिहिलं, ते जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच दाखवून सुरुवात करता येईल.