एक धागा, चार कोअर

मी सुरतला उधन्यात राहतो आणि एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग करतो. साडीची बॉर्डर, पल्लू, बुट्टी, जे काही चित्र येईल त्यात सुई कुठे पडेल, कुठून कुठे जाईल, धागा कुठे कापायचा, हे सगळं कॉम्प्युटरवर बसवायचं, फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि खात्यात, म्हणजे कारखान्यात जाऊन मशीनवर पहिला नमुना निघेपर्यंत उभं राहायचं. वडील शिंदखेड्याहून उधना-जळगाव लाइनने इकडे लूमवर कामाला आले. मी इथल्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. काम घरातून चालतं, म्हणून कॉम्प्युटर एकच: दिवसा माझा, संध्याकाळी घरच्यांचा. अशा घरात चुकीची खरेदी झाली की ती रोज जाणवते. माझी दोनदा चुकली, आणि दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट होती. आता ओळखीपाळखीचं कुणी ‘भाऊ, दोन कोअरचा घेऊ की चारचा?’ असं विचारायला आलं की मी आधी त्याला बसवतो आणि हे दोन्ही किस्से सांगतो.

पहिला 2009 चा. माझ्या बजेटच्या आसपास तेव्हा इंटेलचे दोन प्रोसेसर होते. कोअर 2 ड्युओ ई7500, दोन कोअर, वेग 2.93 गिगाहर्ट्झ. आणि कोअर 2 क्वाड क्यू8200, चार कोअर, वेग 2.33. मी फक्त ‘दोन’ आणि ‘चार’ एवढंच वाचलं. चार म्हणजे दुप्पट काम, असं धरून चाललो. क्वाडसाठी पैसे कमी पडत होते, तर रॅम 2 जीबीऐवजी 1 जीबी केली आणि फरक भरून काढला. दुकानदाराने एकदा विचारलं होतं, ‘रॅम कमी नाही ना पडणार?’ मी म्हटलं, नंतर टाकू.

पहिल्याच आठवड्यात कळलं. मोठं डिझाइन उघडलं, सोबत साडीचा फोटो उघडला, की कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटलेला राहायचा. माउस हलवला तर बाण दोन सेकंदांनी हलायचा. रॅम संपली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत उचलतं. डिस्क रॅमच्या मानाने फार हळू. तेवढा वेळ चारही कोअर हात बांधून बसलेले. चार महिन्यांनी रॅम वाढवली तेव्हा लाल दिवा शांत झाला.

पण एक गोष्ट तरीही सुटेना. आमच्या कामात डिझाइनचा आकार बदलला की सगळे टाके नव्याने मोजले जातात. दीड लाख टाक्यांच्या एका पल्लूला माझ्याकडे 50 सेकंद लागत होते. माझ्या एका मित्राने तोच ई7500 घेतला होता. त्याच्याकडे तीच फाइल 40 सेकंदांत व्हायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे करावं लागतं. मी टास्क मॅनेजर उघडून बसलो. चार चौकटी होत्या. टाके मोजायला लावले की एकीतली रेघ वर चढायची, बाकी तिघी जमिनीला चिकटलेल्या.

याचं कारण मला आमच्या खात्यात समजलं. एका साडीवर आधी धाग्याचं भरतकाम आणि मग त्यावर टिकली बसवायची असेल, तर खात्यात चार मशीनं असली म्हणून ती एक साडी चौपट लवकर होत नाही. टिकलीला धाग्याची वाट बघावीच लागते. वेगवेगळ्या चार साड्या असतील तर मात्र चारही मशीनं एकाच वेळी धावतात. प्रोग्रॅमचंही तसंच. त्यात कामाच्या एका सलग ओळीला थ्रेडच म्हणतात, म्हणजे धागाच. टाके मोजण्याचं माझं काम एका धाग्याचं होतं, कारण पुढचा टाका मागचा कुठे पडला त्यावर ठरतो. तिथे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगाने पळतो याला किंमत होती, आणि माझ्या क्वाडचा एकेक कोअर मित्राच्या ड्युओपेक्षा हळू होता.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 1967 मध्येच हा हिशोब मांडला होता. समजा एका कोअरवर 60 मिनिटांचं काम आहे आणि त्यातलं अर्धं वाटून देता येत नाही. दोन कोअर लावले तर 45 मिनिटं लागतील. चार लावले तर साडेसदतीस. शंभर लावले तरी 30 च्या खाली जाणार नाही, कारण ती अर्धी वाट एकट्यानेच चालायची आहे. मला हे 2009 मध्ये कुणी सांगितलं असतं तर मी ड्युओ आणि दुप्पट रॅम घेतली असती. माझ्या कामाला तेच योग्य होतं.

क्वाड वाया गेला असं मात्र नाही. चुलत बहिणीच्या लग्नाचं शूटिंग डीव्हीडीसाठी बदलून दिलं तेव्हा चारही चौकटी काठोकाठ भरल्या आणि ते काम मित्राच्या मशीनपेक्षा बरंच आधी उरकलं. व्हिडिओचे तुकडे करून वाटता येतात. फोटोवरचे काही फिल्टर, थ्रीडीचं रेंडरिंग, एकाच वेळी चार-पाच गोष्टी उघड्या ठेवणं, इथे जास्तीचे कोअर उपयोगी पडतात.

दुसरी चूक 2020 ची. लॉकडाउन लागला, खाती बंद झाली, गल्लीतली अर्धी घरं गावी गेली आणि मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. हातात पैसे कमी, म्हणून रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यायचा ठरवला. पहिला अनुभव डोक्यात पक्का होता: कोअरच्या मागे लागायचं नाही, रॅम आणि डिस्क बघायची. 8 जीबी रॅम होती, एसएसडी होती, वर कोअर आय7 चं स्टिकर. या वेळी कोअर किती हे मी विचारलंच नाही. आय7 आहे म्हणजे चार असतीलच, असं समजून निघालो.

आतला प्रोसेसर आय7-5600यू होता. त्यात कोअर दोनच. वर्ग सुरू असताना मागे विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरस जागा झाला की दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जायचे, पंखा घोंगावायचा आणि बाईंचा आवाज तुटायचा. मुलगी म्हणायची, ‘पप्पा, बाईंनी काय विचारलं ते ऐकूच आलं नाही.’ तिचे ते दोन-तीन महिने असे गेले, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

लॅपटॉप उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये राखाडी रुव्याचा थर बसला होता, चिमटीने ओढला तर नमद्यासारखा अखंड निघाला. आमच्या भागात लूमचा आणि एम्ब्रॉयडरीचा रुवा हवेतच असतो. जाळी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. साफ केल्यावर आवाज तुटणं बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. रुव्याचा दोष काढला तरी दोन कोअरचा उरलाच.

तेव्हा मला पुढची माहिती हवी होती. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंत लॅपटॉपच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ आहे, ते आय5 असोत की आय7, त्यांत साधारणपणे दोनच कोअर असतात. 2017 मध्ये आठवी पिढी आली तेव्हा त्या रांगेतल्या आय5 आणि आय7 ला चार कोअर मिळाले. डेस्कटॉपमध्ये सातव्या पिढीच्या आय3 ला दोन होते, आठव्या पिढीच्या आय3-8100 ला चार झाले. जुन्या मालाच्या दुकानात गेलात की टास्क मॅनेजर उघडायला सांगा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडायचा. तिथे ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन आकडे असतात. दुकानात सांगितला जाणारा ‘चार’ बहुतेक वेळा दुसरा असतो. एकाच कोअरवर दोन धागे एकाच वेळी चालवण्याची ती सोय आहे. उपयोगाची आहे, पण तो वेगळा कोअर नाही.

आज घरासाठी दोन कोअरचा कॉम्प्युटर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. 2009 मध्ये मी याच्या उलट सांगितलं असतं, पण आता ब्राउझर, व्हिडिओ कॉल, अँटिव्हायरस सगळे एकाच वेळी चालतात आणि वाटून घ्यायला शिकले आहेत. त्यात विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, म्हणजे स्वस्तात मिळणारे जुने दोन कोअरवाले तिथेही अडतात. चारच्या पुढे सहा-आठ कोअरसाठी पैसे घालण्याआधी मात्र 16 जीबी रॅम आणि एसएसडी घ्या. आणि चार लिहिलं म्हणून सगळे चार सारखे नसतात. स्वस्त लॅपटॉपमधला एन100 चार कोअरचाच आहे, पण ते वीज वाचवण्यासाठी केलेले लहान कोअर आहेत. अभ्यासाला आणि हिशोबाला ते पुरतात. दिवसभर पंचिंगला मी ते घेणार नाही.

गेल्या महिन्यात डिंडोलीचा एक पोरगा नवीन काम धरतोय म्हणून मला दुकानात घेऊन गेला. मी माझा पेन ड्राइव्ह सोबत नेला. त्यात तोच दीड लाख टाक्यांचा पल्लू अजून आहे. तीन मशीनवर तोच उघडायला लावला, आकार बदलायला लावला आणि मोबाइलवर सेकंद मोजले. सगळ्यात महाग मशीन पहिलं आलं नाही. पोराने मधलं घेतलं आणि उरलेल्या पैशांत रॅम दुप्पट केली. निघताना त्याला एक रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन दिला. दिवाळीची सुट्टी लागली की खाती बंद होतात, हवा जरा निवळते. त्या आठवड्यात लाइट बंद करून, कॅबिनेट उघडून, पंख्याचं पातं बोटाने धरून जाळीतला रुवा काढायचा. पातं मोकळं सोडून जोरात हवा मारली तर पंख्याचं बेअरिंग जाऊ शकतं, हेही त्याला तिथेच सांगितलं.