परदेशी जायचंय, वकील कुठला गाठावा?

प्रश्न : मुलाला कॅनडात शिकायला पाठवायचं आहे. एका सल्लागारानं "आमच्याकडे इमिग्रेशनचे वकील आहेत, तुम्ही काळजी करू नका" असं सांगून अडीच लाख रुपये मागितले. सोलापुरातच खात्रीचा इमिग्रेशन वकील मिळेल का? आणि तो खरा आहे हे ओळखायचं कसं? – एक पालक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : पैसे देण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. व्हिसा ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वीस वर्षं वकिली केलेला माणूस कितीही हुशार असला, तरी कॅनडाच्या व्हिसा कार्यालयापुढे तुमच्या मुलाच्या वतीनं पैसे घेऊन उभं राहण्याचा अधिकार त्याला त्याच्या सनदेतून मिळत नाही. म्हणून वकिलाचं ऑफिस घरापासून किती लांब आहे, हे नंतर बघा. आपलं काम कोणत्या देशाच्या कायद्यात येतं, हे आधी ठरवा.

कॅनडाच्या कायद्यानं हा अधिकार मोजक्याच लोकांना दिला आहे. तिथल्या प्रांतांच्या 'लॉ सोसायटी'चे सदस्य, क्युबेकचे नोटरी, आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेकडे नोंदलेले सल्लागार. ही संस्था नोव्हेंबर २०२१पासून काम करते आणि तिची यादी इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येते. असा नोंदणीकृत सल्लागार पुण्या-मुंबईत राहणाराही असू शकतो, त्यात गैर काही नाही. त्याच्याकडून नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि घरी येऊन स्वतः यादीत तपासा. त्यानं मोबाइलवर दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

दुसरी परीक्षा सहीची. प्रतिनिधी नेमला असेल तर कॅनडाच्या अर्जासोबत त्याच्या नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. "फॉर्म मुलाच्याच नावानं भरू, आमचं नाव कुठे घालायचं नाही" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. २०२३ साली पंजाबमधल्या विद्यार्थ्यांचं जे प्रकरण गाजलं, त्याचं मूळ इथेच होतं. जालंधरच्या एका एजंटानं कॉलेजची बनावट प्रवेशपत्रं लावून मुलं कॅनडात पाठवली. अर्जांवर त्याची सही नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मुलं शिकली, नोकरीला लागली, आणि कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर कागद खोटे असल्याचं उघड झालं. त्या एजंटाला २०२४मध्ये कॅनडाच्या न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली. पण देशाबाहेर काढण्याच्या नोटिसा त्याआधी मुलांच्या हातात पडल्या होत्या. डिसेंबर २०२३पासून प्रत्येक प्रवेशपत्राची कॉलेजकडून थेट खातरजमा होऊ लागली, ती या प्रकरणानंतर. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो. अर्ज कुणीही भरला असो, जबाबदारी अर्जदाराची.

आता तुमच्या अडीच लाखांविषयी. पहिलाच अर्ज असेल, कॉलेजचं पत्र, फीचे आणि खर्चाचे पैसे, इंग्रजीची परीक्षा हे सगळं जागच्या जागी असेल, तर वकिलाची गरजच नाही. मुलानं स्वतः बसून अर्ज भरावा. त्यातून त्याला आपण काय लिहून दिलं हे कळेल, आणि पुढे कुणी विचारलं तर उत्तर देता येईल. वकील लागतो तो आधी व्हिसा नाकारलेला असेल, पूर्वीच्या अर्जात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, किंवा एखादा फौजदारी खटला चालू असेल तेव्हा. अशा वेळी तासाभराच्या सल्ल्याची फी द्या, पूर्ण पॅकेज घेऊ नका.

प्रश्न : अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया यांचं कसं? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : पद्धत तीच, याद्या वेगळ्या. अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा आहे, त्यामुळे कोणत्याही एका राज्याच्या बारचा सदस्य असलेला वकील देशभरातलं काम बघू शकतो. त्याचं नाव त्या राज्याच्या बारच्या यादीत शोधा. एच-वन-बी व्हिसाचा अर्ज कंपनीनं करायचा असतो. "एच-वन-बी काढून देतो, वकिलाचे पैसे तुम्ही भरा" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर-बॅरिस्टरांखेरीज सल्ला देणाऱ्यांची नोंद 'इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी'कडे असते. जानेवारी २०२५पर्यंत या संस्थेचं नाव वेगळं होतं, म्हणून जुनं नाव सांगणारा लगेच खोटा ठरत नाही. ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंटला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो. मार्च २०२१पासून तिथल्या वकिलांना मात्र ही वेगळी नोंदणी लागत नाही.

प्रश्न : मग सोलापूरच्या वकिलाचं काहीच काम नाही का?

उत्तर : आहे, आणि फार मोलाचं आहे. आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांचं काम परदेशी कायद्याआधी इथल्या कागदांतच अडतं. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं शहर. कुणाच्या घरी आडनाव आधी लिहितात, कुणाच्या घरी शेवटी. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. अशा वेळी प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदलाची नोंद, शाळेच्या आणि महापालिकेच्या नोंदींत दुरुस्ती ही कामं इथला वकीलच नीट करतो. जन्माची नोंद राहून गेली असेल आणि वर्ष उलटलं असेल, तर २०२३च्या कायदा दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पती किंवा पत्नीच्या व्हिसासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा. पत्रिका आणि फोटोंवर भागत नाही.

पासपोर्टचंही तसंच. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. कौटुंबिक वादातून किंवा शेतीच्या भांडणातून झालेला फौजदारी खटला चालू असेल, तर पासपोर्ट अडतो. मात्र खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयानं परदेशी जाण्याची परवानगी दिली, तर मर्यादित काळाचा पासपोर्ट मिळू शकतो. १९९३च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत तशी सोय आहे. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एका वर्षासाठीच मिळतो, म्हणून वकिलाला मुदत स्पष्ट मागायला सांगा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तरी आता सोलापूरकरांना मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर त्यात येतं.

हा वकील निवडताना सनद क्रमांक विचारा. तो बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा असतो. अशी पासपोर्टची किंवा नोंद दुरुस्तीची प्रकरणं पूर्वी चालवली आहेत का, हे विचारा. फी लेखी घ्या, पावती घ्या, मूळ कागद त्याच्याकडे ठेवू नका. भारतातल्या वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलचा नियम ३६ मनाई करतो. त्यामुळे चौकातल्या डिजिटल बोर्डावर 'इमिग्रेशन वकील, हमखास व्हिसा' असं दिसलं, तर तो माणूस वकील नाही किंवा आपल्या व्यवसायाचा नियम मोडतो आहे. दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडे जायचं कारण नाही.

प्रश्न : भाऊ वेल्डर आहे. आखातात नोकरी लावतो म्हणून एजंट ऐंशी हजार मागतो. वकिलाला दाखवू का?

उत्तर : आधी एजंट तपासा. परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ऐंशी हजारांची मागणीच नियमाबाहेरची आहे. भाऊ दहावी झालेला नसेल, तर आखाती देशांत कामाला जाण्याआधी उत्प्रवासाची मंजुरीही लागते. पर्यटक व्हिसावर "आधी जा, मग बघू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तिथे पगार अडला, पासपोर्ट काढून घेतला, तर बाजू मांडायला हातात कागदच राहत नाही.

प्रश्न : पैसे आधीच गेले असतील तर?

उत्तर : पैसे घेणारा कोण होता यावर दार ठरतं. तो सल्लागार किंवा एजंट असेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. तो वकील असेल, तर मे २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायदा लागू होत नाही. तक्रार बार कौन्सिलकडे करावी लागते. उघड फसवणूक असेल, तर दोन्ही बाबतींत पोलिसांत फिर्याद द्या. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं यातलं काहीही पुसू नका.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सर्व स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. घर गहाण ठेवून, दागिने मोडून परदेशाची तयारी करणाऱ्या कुटुंबांनी हा हक्क पैसे गेल्यावर नव्हे, आधीच वापरावा. सही करण्यापूर्वी करार एकदा तिथल्या वकिलाला वाचायला द्यावा.