संशोधकाच्या कामाचें मोल

परीक्षेंत गुण किती मिळाले व वर्गांत क्रमांक कितवा आला, हे प्रश्न घरोघरीं विचारले जातात. मोठ्या विद्वानांसहि असाच एक प्रश्न विचारण्याची रीत पडली आहे. तुम्हीं निबंध किती प्रसिद्ध केले, आणि इतर संशोधकांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख किती वेळां केला? ही मोजणी कोठवर खरी आणि कोठें अपुरी, हें एका विकृतिशास्त्रज्ञाच्या उदाहरणावरून पाहूं. रोगामुळें शरीरांत कोणता बिघाड होतो, याचा शोध घेणारें शास्त्र तें विकृतिशास्त्र.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ सालीं बंगालच्या हुगळी जिल्ह्यांत झाला. कलकत्त्यास वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते लंडनला गेले व १९४९ सालीं तेथील विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून स्वदेशीं परतले. बंगाल हें तर पटकीचें माहेरघर. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यासच रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखे वांकडे जंतु दाखविले होते. परंतु हे जंतु माणसाचा प्राण घेतात तरी कसे, हें कोडें कायम होतें. जंतु मेल्यावर त्यांच्या शरीरांतील विष बाहेर पडून रोग होतो, अशी बहुतेकांची समजूत होती.

डे यांनीं एक साधी युक्ति योजिली. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग त्यांनीं दोन्ही बाजूंस धाग्यानें बांधिला व त्या बंद पिशवींत पटकीचे जंतु सोडिले. दुसऱ्या दिवशीं पिशवी पाण्यानें टम्म फुगलेली आढळली. सहकारी चटर्जी यांच्यासह हा प्रयोग त्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केला. पुढें, ज्या द्रवांत जंतु वाढविले होते तो गाळून, त्यांतील सर्व जंतु काढून टाकून, केवळ तो द्रव त्यांनीं तशाच पिशवींत घातला. एकहि जंतु नसतां पिशवी पूर्वीप्रमाणेंच फुगली! जंतु आपल्या भोंवतीं विष सोडतात आणि तें विष आतड्यांतच कार्य करून शरीरांतील पाणी बाहेर ओढतें, हें यावरून कळलें. ‘नेचर’ नियतकालिकांत १९५९ सालीं आलेला हा निबंध अवघ्या दोन पानांत मावला. त्याच वर्षीं मुंबईच्या हाफकीन संस्थेंतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनींहि सशाच्या पिलांवर पटकीच्या विषाचा परिणाम दाखविला.

आतां मोजणीकडे वळूं. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणीं केला, याची मोठी सूचि अमेरिकेंत युजीन गारफील्ड यांनीं १९६४ पासून चालविली. डे यांच्या त्या दोन पानांकडे आरंभीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें त्याच पायावर इतरांनीं काम वाढविलें; १९६९ सालीं फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनीं तें विष शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि डे यांचें नांव पुनःपुन्हां येऊं लागलें. १९७८ सालीं नोबेल संस्थेनें पटकीवरील परिषदेस त्यांस पाचारण केलें. स्वदेशांतील विज्ञान अकादमींनीं मात्र त्यांस आपलें सभासदत्व दिलें नाहीं. १९८५ सालीं ते निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं गारफील्ड यांनीं आपल्या सूचीच्या आधारें पटकीच्या संशोधनाचा आलेख मांडून त्यांत डे यांचें स्थान जगास दाखविलें.

यावरून काय ध्यानांत घ्यावें? निबंधांची संख्या हें श्रमाचें माप असेल, मोलाचें नव्हे. उल्लेखांची संख्या अधिक बोलकी खरी. पण तीहि सावकाश बोलते. शिवाय ज्या विषयांत काम करणारे थोडे, तेथें उल्लेखहि थोडे. आणि कांहीं उल्लेख तर केवळ चूक दाखविण्यासाठीं केलेले असतात. म्हणून आंकडा पाहावा, पण निबंध वाचल्यावांचून निकाल देऊं नये.

उल्लेख म्हणजे ऋणाची कबुली होय. तुम्हीं निबंध लिहितांना दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचें नांव अवश्य लिहा. त्यानें तुमचें कांहीं उणें होत नाहीं. आणि पालकहो, प्रगतिपुस्तकांतील आंकडा पाहून मुलावर रागावण्यापूर्वीं त्याची वही एकदां उघडून वाचा. त्या दोन पानांतहि कांहीं मोलाचें असूं शकेल.