माडीची लाकडी जमीन सपाट करताना

काही गावी जुन्या वाड्यांच्या माडीवर वाचनालय, बालवाडी किंवा ग्रामपंचायतीचे दप्तर असते. तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या अशी या जमिनीची रचना असून पुष्कळ ठिकाणी फळ्यांवर मातीचा थर दिलेला असतो. कालांतराने मध्यभागी झोळ पडतो. नवी जमीन करण्याचा ठराव झाला की खोलगट भागात सिमेंट काँक्रीट ओतून पातळी साधावी, अशी सूचना हटकून पुढे येते. ती मान्य करण्यापूर्वी थोडा हिशेब करणे अगत्याचे आहे.

काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम असते. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीत सरासरी ५ सें.मी. थर टाकल्यास जवळजवळ दीड टन भार वाढतो. आणि थर सर्वांत जाड होतो तो नेमका झोळाच्या जागी. शिवाय भारतीय मानक ८७५ प्रमाणे निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २००, तर वर्गखोलीसाठी सुमारे ३०० किलोग्रॅम वापराचा भार धरतात. राहण्यासाठी बांधलेल्या माडीवर मुले बसवावयाची असतील तर वजन वाढविण्याचा नव्हे, कमी करण्याचाच विचार हवा. जुनी माती काढून टाकणे ही त्यातील पहिली पायरी होय.

झोळ हे लक्षण आहे. कारण बहुधा खाली सापडते. कडीचे भिंतीत गेलेले टोक पावसाच्या ओलीने कुजते, किंवा वाळवीने आतून पोकळ होते. वरून ते धडधाकट दिसते. म्हणून टोच्याने टोचून पाहावे. तो सहज आत रुतला तर लाकूड निकामी समजावे. आधी गळती बंद करावी, वाळवीचा बंदोबस्त करावा. नंतर खालून टेकू देऊन कुजलेली कडी बदलावी, अथवा तिला लगत नवी जोडकडी बोल्टांनी जखडावी. वाकलेली कडी एकदम उचलण्याची घाई भिंतींना तडे पाडते. तुळईच खराब असेल तर सुतारावर न सोपविता अभियंत्याचा अभिप्राय घ्यावा.

यानंतरचे काम सोपे आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या चारही कोपऱ्यांची पातळी भिंतीवर आखावी, दोरी ताणावी आणि प्रत्येक कडीवर उणे-अधिक मि.मी. खडूने लिहावे. उंचवटा रंध्याने काढावा. खोलगट जागी कडीच्या माथ्यावर उतरत्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. पट्टी कडीवरच हवी. दोन कड्यांमधील फळीखाली सारलेली पाचर निरुपयोगी ठरते. फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसविल्यास त्या कुरकुरत नाहीत. २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मि.मी.हून अधिक फट न राहिल्यास वर प्लायवूड किंवा नव्या फळ्या घालण्यास हरकत नाही.

अंदाजपत्रकात एक बाब सहसा राहून जाते. नव्या थराने जमीन उंचावते, त्यामुळे दाराची फळी खालून तासावी लागते आणि जिन्याची शेवटची पायरी इतरांहून उंच होते. त्या पायरीची दुरुस्ती याच कामात धरावी.